पंचनामा कोण लिहितो?

अतिवृष्टीत आत्याची कपाशी चार दिवस पाण्यात उभी होती. गायरानावरची कपाशी. सातबारा नाही, म्हणून पंचनाम्यात नाव नाही. शेजारच्या बांधावर मात्र मदत आली. पाऊस दोघांवर एकच पडला होता, मित्रांनो.

आपण पँथर हा शब्द छातीवर मिरवतो. तो आला कुठनं? अलाबामातल्या लाउंड्स कौंटीतनं. कौंटी म्हंजे आपला तालुका धरा. कापसाचा मुलूख, शंभरातले ऐंशी लोक काळे, आणि १९६५ उजाडलं तेव्हा मतदारयादीत त्यातला एकही नाही. त्यांनी स्वत:चा पक्ष काढला, निशाणी काळा पँथर. १९६६ साली ती ओकलंडला गेली, १९७२ साली नाव मुंबईत आलं. इथवर आपल्यातले पुष्कळजण सांगतात. पण त्या पक्षाच्या आधी तिथं आणखी एक निवडणूक झाली. शेतकी समितीची. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

१९३३ पासून रूझवेल्ट सरकार शेतकऱ्याला पैसा द्यायला लागलं आणि कारभार कौंटीतल्याच समित्यांकडं गेला. शेतकऱ्यांनीच निवडलेल्या! ऐकायला गोड. कापूस किती एकर लावायचा हे समिती सांगणार. पुढं दुष्काळ-पुराची मदत कुणाला, तेही तिच्याच हातात. आणि समितीत कोण? गोरे मळेवाले. पहिल्याच वर्षी कापूस नांगरून टाकायचे पैसे आले, ते मालकानं घेतले न् वाटेकऱ्याला हाकललं, असं दक्षिणेत जागोजाग झालं.

१९६५ साली लाउंड्समधले काळे शेतकरी समितीसाठी उभे राहिले. तेव्हा मतपत्रिकेवर आणखी काळी नावं घुसडली गेली. मतं फुटली, गोरे पुन्हा बसले. त्याच हिवाळ्यात, मतदार म्हणून नाव नोंदवलं एवढ्यासाठी मळ्यांवरून काढलेली कुटुंबं तंबूत राहिली.

मग तीस वर्षांनी काय बदललं? १९९७ मध्ये टिमोथी पिगफोर्ड या उत्तर कॅरोलायनाच्या काळ्या शेतकऱ्यानं शेतीखात्यावर दावा लावला. १९९९ साली तडजोडीला मान्यता देताना न्यायाधीश पॉल फ्रीडमन यांनी आकडा लिहिला: देशभरात समिती-सभासद ८१४७, काळे ३७. काळ्याचं कर्ज पेरणी उलटल्यावर यायचं, नाहीतर यायचंच नाही. तक्रार करावी, तर खात्याचं नागरी हक्कांचं कार्यालय १९८३ पासून मोडीत काढलेलं. १९२० साली काळे शेतकरी सव्वानऊ लाख होते. १९९२ मध्ये १९ हजारही उरले नव्हते. तडजोडीत बहुतेकांच्या वाट्याला आले ५० हजार डॉलर. गेलेली जमीन त्यात कुठं येते?

४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेब घटना समितीत खेड्याचं कौतुक करणाऱ्यांवर का तुटून पडले, हे मला लाउंड्स वाचल्यावर कळलं. लोकांच्या हातात कारभार, म्हणे! कुठल्या लोकांच्या?

आत्याला हे सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "त्यांच्यात गायरान असतं का रे?" गायरान नव्हं, म्हटलं, पण आजोबा मृत्युपत्र न करता मेला, सगळ्या वारसांची सामाईक जमीन राहिली, एकाच्या नावावर कागद नाही, अशी काळ्यांची जमीन पुष्कळ आहे. तिच्यावर सरकारी मदत मिळणं फार अवघड होतं. २०१८ च्या कायद्यानं दुसरे पुरावे चालतील असं ठरलं.

"कुठले पुरावे," ती म्हणाली, "ते लिहून दे मला."