तीन मिनिटांचे नाट्यपद

मराठी संगीत नाटकाचा इतिहास आपण बहुधा संहितेपासून सुरू करतो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला, १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले, पुढे देवल, खाडिलकर, गडकरी आले. परंतु ज्या रसिकांनी ही रंगभूमी जगवली त्यांना नाटक प्रथम कानांनी भेटले. ते गाणे आज आपल्यापर्यंत येते ते मुख्यत्वे ध्वनिमुद्रिकांतून. या मुद्रिका आम्ही वर्षानुवर्षे प्रेमाने ऐकत आलो आहोत. म्हणूनच त्या काय राखतात आणि काय गाळतात, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास आले. तोवर गायकाला कर्ण्यात तोंड घालून चढ्या आवाजात गावे लागे. रंगमंचावर मात्र रात्र मोठी होती. ‘वन्समोअर’च्या पुकाऱ्यासरशी पद पुन्हा उभे राही, आणि दर खेपेस वेगळ्या जागा घेऊन.

बालगंधर्वांचे (१८८८–१९६७) उदाहरण घेऊ. १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी यमन, भीमपलास, बिहाग अशा रागांतल्या चाली दिल्या. त्यांतील रुक्मिणीच्या पदांच्या मुद्रिका ऐकताना प्रथम जाणवतो तो संयम. शब्द स्पष्ट, लय घट्ट, तान आटोपशीर; कुठे घाई नाही, कुठे पाल्हाळ नाही. आता त्यांच्यावर वारंवार घेतला गेलेला आक्षेप आठवावा: गाण्याने नाटक गिळले, पदांच्या पुनरावृत्तीत कथानक खोळंबले. हा आक्षेप मुद्रिकेवरून खराही ठरवता येत नाही आणि खोटाही. तीन मिनिटांच्या सक्तीने जो गायक आपल्यासमोर उभा केला तो प्रयोगातल्या गायकाहून मितभाषी आहे. साहित्याच्या अभ्यासकाने मुद्रिकेच्या आधारे बालगंधर्वांना निर्दोष ठरवू नये. आणि टीकाकारांच्या शब्दावर भिस्त ठेवून त्यांच्या शब्दोच्चारातली नाट्यदृष्टीही नाकारू नये.

मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या (१९००–१९४२) बाबतीत हीच मर्यादा वेगळे काम करते. त्यांची गायकी विजेसारखी. सप्तकांतून अकस्मात झेप घेणारी, पंजाबी ढंगाच्या हरकतींनी चमकणारी. तिला तबकडीची चौकट मानवते. म्हणजे मुद्रिका सर्वांना सारख्या मापाने छाटत नाही. कोणाचा विस्तार जातो, कोणाचे तेज उलट एकवटते.

आणि काही गाणी मुळातच हाती लागत नाहीत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग झाला: बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. चालता प्रयोग मुद्रित करण्याची सोय तेव्हा नव्हती. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. त्या रात्रीविषयी आपल्याजवळ आठवणी आहेत, आख्यायिका आहेत, स्वर नाही. आठवणींचे गद्य येथे इतिहासाचे साधन होते, आणि ते वाचण्याची शिस्त वाङ्मयाच्या विद्यार्थ्याइतकी दुसऱ्या कोणापाशी असणार?

१९६७ च्या जुलैत बालगंधर्व निवर्तले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. येथे गाणे हाच कथानकाचा विषय असल्याने गायकीने नाटक अडवले, ही जुनी तक्रारच निरस्त झाली. तरीही ही पदे सुटी ऐकणाऱ्याच्या वाट्याला दोन घराण्यांतला झगडा येत नाही. केवळ त्याचे सौंदर्य येते.

संहिता, मुद्रिका आणि आठवण ही तिन्ही साधने अपुरी आहेत, पण प्रत्येकाचे अपुरेपण वेगळे आहे. नाट्यपद शिकवताना ही तिन्ही एकत्र वर्गात यावीत, एवढेच आमचे म्हणणे आहे.