विसरभोळी स्मृती आणि झोपी जाणारा संगणक

संगणकाच्या स्मृतीचा इतिहास सांगताना बहुधा तिच्या वाढत गेलेल्या आकाराची कथा सांगितली जाते. ती स्मृती विसरभोळी कशी झाली, ही दुसरी कथा मात्र मागेच राहते. लिनक्सवर रात्री ‘हायबरनेट’ केलेला संगणक सकाळी कोरा उघडतो आणि आदल्या दिवशीचे जतन न केलेले काम नाहीसे होते. या अनुभवाचे मूळ, या दोन कथा जिथे एकत्र येतात तिथे आहे.

पहिली कथा अपुऱ्या जागेची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेल्या आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकाच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या हिशेबाने अवघे १० किलोबाइट. त्या काळी मोठे गणित तुकड्यातुकड्यांनी स्मृतीत आणणे आणि बाहेर नेणे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचेच काम असे. १९६२ मध्ये मँचेस्टर येथे टॉम किलबर्न आणि सहकाऱ्यांच्या ‘अ‍ॅटलस’ संगणकाने हा भार यंत्रावर सोपवला. त्याच्याकडे सुमारे १६ हजार शब्दांची वेगवान स्मृती आणि सुमारे ९८ हजार शब्दांचा संथ चुंबकीय ड्रम होता. माहितीची ५१२ शब्दांची ‘पाने’ या दोहोंमध्ये यंत्र स्वतःच हलवी आणि प्रोग्रॅमला दोन्ही मिळून एकच स्मृती दिसे. आजचा ‘स्वॅप’ हा याच कल्पनेचा वारस होय. तिची मर्यादाही लवकरच ध्यानात आली. पानांची ने-आण हेच मुख्य काम होऊन बसले की संगणक जागच्या जागी तडफडतो. या ‘थ्रॅशिंग’ची कारणमीमांसा पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडली.

दुसरी कथा भौतिकशास्त्राची आहे. जुन्या स्मृतीतील फेराइटची कडी वीज गेल्यावरही आपले चुंबकत्व टिकवून ठेवीत असे. १९६८ मध्ये रॉबर्ट डेनार्ड यांना ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तीत एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र यांच्यात एक बिट साठवला जातो. ही रचना स्वस्त आणि अतिसूक्ष्म, परंतु धारित्रातील विद्युतभार सतत गळत असतो. म्हणून आजही साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत तो नव्याने भरावा लागतो. वीज खंडित झाली की सारे पुसले जाते. अफाट स्मृती आपल्याला मिळाली ती विस्मरणाच्या मोबदल्यात.

लिनक्समध्ये आधी पहिली कथा आली. १९९१ च्या अखेरीस लिनस टॉरवाल्ड्स यांनी डिस्कवर पाने ठेवण्याची सोय लिहिली. अवघी २ मेगाबाइट स्मृती असलेल्या जर्मनीतील एका वापरकर्त्याची अडचण त्यामागे होती. जानेवारी १९९२ च्या ०.१२ आवृत्तीत ती सर्वांना मिळाली. हायबरनेशन बरेच नंतर आले. गाबोर कुटी आणि पावेल माखेक यांचे काम २००२ मध्ये २.५ या विकासमालिकेत दाखल झाले. स्मृतीचे चित्र डिस्कवर उतरवायला हक्काची जागा हवी होती, आणि स्वॅप तयारच होता.

एकाच कोठारावर असे दोन हक्कदार आले, आणि नेहमीच्या बहुतेक तक्रारी यातूनच उद्भवतात. स्वॅपमध्ये आधीच पाने भरलेली असतील, तर चित्राला जागा उरत नाही. चित्राचा आकार कर्नल सामान्यतः स्मृतीच्या दोन-पंचमांशाच्या आसपास ठेवू पाहतो. तरीही हायबरनेशन हवे असेल, तर स्वॅप किमान स्मृतीइतका असणे सुरक्षित. आता अनेक वितरणांत आढळणारा ‘झीरॅम’ हा स्वॅप मुळात स्मृतीतच असतो. तो तडफड कमी करतो, पण वीज गेल्यावर तोही पुसला जातो. हायबरनेशनसाठी तो निरुपयोगी.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. जागे होताना कर्नलला फाइलव्यवस्था उघडण्यापूर्वीच चित्र शोधावे लागते. म्हणून ‘रिझ्यूम’ या बूट-सूचनेत स्वॅपचा नेमका पत्ता लागतो, आणि स्वॅप ही फाइल असेल तर डिस्कवरील तिचे स्थानही. स्वॅप नव्याने बनवला की विभाजनाची ओळख किंवा फाइलचे स्थान बदलते. जुना पत्ता निरर्थक ठरतो. मग संगणक नेहमीसारखा सुरू होतो, स्वॅपवरची ‘येथे निद्रिस्त सत्र आहे’ ही खूण पुसली जाते आणि ते सत्र परत मिळत नाही. पत्ता बरोबर असूनही हायबरनेशनचा पर्यायच दिसत नसेल, तर सिक्युअर बूट तपासावे. ते चालू असताना अनेक वितरणांचे कर्नल ही सोय बंद ठेवते, कारण डिस्कवरचे चित्र कोणी बदललेले नाही याची खात्री त्याला देता येत नाही.

सर्वांत गंभीर धोका मात्र वेगळा. एकाच संगणकावर दोन प्रणाली असतील, तर लिनक्स निद्रिस्त असताना दुसऱ्या प्रणालीतून त्याच्या विभाजनांवर काहीही लिहू नये. जागे झालेले कर्नल डिस्क जुन्याच स्थितीत आहे असे मानून चालते, आणि मग सत्राबरोबर फाइलव्यवस्थाही नष्ट होऊ शकते.

केरळच्या शाळांतील संगणक लिनक्सवर चालतात. सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली २००७ पासून देशाला उपलब्ध करून दिली. जिथे स्मृती तोकडी आणि वीज बेभरवशाची, तिथे स्वॅप व हायबरनेशन ही चैन नसून विद्यार्थ्याच्या श्रमांचे संरक्षण आहे. तेव्हा प्रबंधाची फाइल उघडी ठेवून विसंबण्यापूर्वी, एखादी बिनमहत्त्वाची फाइल उघडी ठेवून हायबरनेशन एकदा करून पाहावे. संगणक जागा झाल्यावर ती फाइल जशीच्या तशी समोर आली, तरच त्या झोपेवर विश्वास ठेवावा. आणि तरीही काम जतन करूनच उठावे.