तिघरा : ग्वाल्हेरच्या पाणीव्यवस्थेची वाटचाल

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेत खडकात कोरलेले लहानसे चतुर्भुज मंदिर लागते. त्यातला इ.स. ८७६ चा शिलालेख शून्याच्या लेखनाचा जुना पुरावा म्हणून जगभर ओळखला जातो. २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जागा फुलबागेसाठी दिली असून, तिच्यातून देवाला रोज ५० हार मिळावेत, अशी त्यातली व्यवस्था आहे. दात्यांनी एकदाच मोठे दान देऊन हात झटकले नाहीत. फुले रोज खुडली जावीत आणि बागही टिकावी, असा तो हिशेब होता. १९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या केली, तिचा गाभाही हाच: आजची गरज भागवताना पुढच्या पिढ्यांची गरज भागवण्याची ताकद कमी होऊ नये. ग्वाल्हेरमध्ये या विचाराची खरी परीक्षा पाण्याने घेतली.

किल्ल्यावर सूरजकुंडासारखी तळी होती आणि गडावरची वस्ती त्यांवर भागत असे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेस पडली आणि तिचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. या शहराला विहिरी, बावड्या आणि मधून वाहणारी स्वर्णरेखा यांचा आधार होता. जून १८५८ मध्ये जिच्या काठी झाशीच्या राणीची अखेरची लढाई झाली, तीच ही स्वर्णरेखा. १९०१ च्या सुमारास लष्कर आणि जुने ग्वाल्हेर मिळून वस्ती लाखाच्या वर गेली होती. पाऊस मात्र पावसाळ्याच्या मोजक्या महिन्यांतच पडायचा.

माधवराव शिंदे यांच्याकडे १८९४ मध्ये राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार आले. लवकरच, १८९९-१९०० मध्ये, छप्पनचा दुष्काळ आला आणि एरवी सुपीक म्हणून नावाजलेल्या माळव्यातही अन्नान्नदशा झाली. पुढच्या काळात संस्थानाने तलाव, बंधारे आणि कालवे यांची कामे हाती घेतली. दुष्काळात धान्य वाटणे हे राजाचे कर्तव्य मानले जाईच. दुष्काळ येण्याआधी पाणी अडवणे हेही राज्याचे नित्याचे काम मानले गेले, हा या कारकिर्दीचा मोठा विशेष होय.

या कामांतले सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर सांक नदीवर बांधलेले तिघरा धरण. सुमारे २४ मीटर उंच आणि १,३०० मीटरहून अधिक लांब अशी ही दगडी भिंत १९१६ मध्ये उभी राहिली. पुण्याच्या वाचकांना या धरणाशी एक नाते सापडेल. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले होते. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की ते आपोआप उघडत आणि उतरले की मिटत. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढवण्याची ही युक्ती पुढे तिघऱ्याला आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरालाही वापरली गेली.

धरण पुरे होऊन जेमतेम वर्ष लोटले आणि १९ ऑगस्ट १९१७ रोजी ते फुटले. अतिवृष्टीने आलेला पूर भिंतीवरून पाऊण मीटरहून जाड थराने वाहत राहिला. खालचा पाया थराथरांच्या वालुकाश्माचा होता. थरांमधल्या फटींतून झिरपलेले पाणी खालून वर दाब देऊ लागले. भिंतीचे वजन जणू हलके झाले आणि तिचे मोठमोठे भाग अखंडच्या अखंड पुढे सरकले. खालच्या गावांची मोठी हानी झाली. खालून वर उचलणारा असाच दाब फ्रान्समधल्या बूझे धरणाच्या १८९५ च्या दुर्घटनेने अभियंत्यांच्या ध्यानात आणून दिला होता; तिघऱ्याने तो धडा पुन्हा, फार मोठ्या किमतीला शिकवला. धरणांच्या सुरक्षिततेवरील जागतिक ग्रंथांत तिघऱ्याची नोंद आजही या कारणाने असते.

इथे काम सोडून देणे सोपे होते. संस्थानाने ते सोडले नाही. १९२५ मध्ये माधवरावांचे पॅरिसमध्ये निधन झाले. धरण पुरे झाले त्याच वर्षी जन्मलेले त्यांचे पुत्र जिवाजीराव तेव्हा नऊ वर्षांचेही झाले नव्हते आणि कारभार रीजन्सी कौन्सिलकडे गेला. राजा बदलला तरी काम थांबले नाही आणि १९२९ मध्ये तिघरा पुन्हा उभे राहिले. या पाणीव्यवस्थेची खरी स्थापना १९२९ ची मानावी असे वाटते. पहिल्या भिंतीमागे उमेद होती, दुसरीमागे उमेद आणि अनुभव दोन्ही होते. दगड घडवणारे पाथरवट, चुना मळणारे, माती वाहणारे, रात्री पातळी पाहणारे पहारेकरी यांची नावे कोनशिलेवर नाहीत, पण शहर त्यांच्याच कष्टांचे पाणी पीत आले. पुढे १९३५ मध्ये पार्वती नदीवरचे हरसी धरणही झाले आणि शेतीला मोठा आधार मिळाला.

१९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेशात विलीन झाले. राजवटी बदलल्या, तरी तिघऱ्याचे पाणी मोतीझीलच्या जलशुद्धीकरण केंद्रातून शहरात येतच राहिले. मात्र ज्या शहरासाठी धरण बांधले, त्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत दहा लाखांवर गेली. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा हा महापालिकांच्या कामांत मोडू लागला. काम आले, त्या मानाने पैसा आला नाही.

या काळातली एक उणीव मान्य केलीच पाहिजे. दूरचे पाणी नळाने घरात येऊ लागले, तसे जवळच्या पाण्याकडे दुर्लक्ष झाले. बावड्या कचऱ्याने भरल्या, घरोघरी बोअर खणले गेले आणि स्वर्णरेखेचे सिमेंटने बांधलेल्या सांडपाण्याच्या नाल्यात रूपांतर झाले. तिच्या पुनरुज्जीवनाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठापुढे गेला. धरण कितीही मोठे असले, तरी शहराने आपली नदी गमावणे हा तोटाच आहे, आणि तो भरून काढण्याचे काम अजून बाकी आहे.

२०१७ चा पावसाळा अपुरा गेला तेव्हा शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागले. ककेटो आणि पेहसारी या धरणांचे पाणी तिघऱ्यात आणून वेळ निभावली गेली. अभियंते, पंपचालक आणि व्हॉल्व्हमन यांनी उपलब्ध साठा पुरवून पुरवून वापरला, आणि नागरिकांनी हंडे-बादल्यांचे वेळापत्रक सांभाळत त्यांना साथ दिली. अमृत योजनेतून जलालपूर येथे मोठे जलशुद्धीकरण केंद्र आणि नव्या टाक्या झाल्या, जुन्या वाहिन्या बदलल्या गेल्या. २०२४ मध्ये पाऊस असा झाला की तिघऱ्याचे दरवाजे उघडावे लागले.

सध्या चंबळेचे पाणी ग्वाल्हेरला आणण्याची योजना हाती आहे. चंबळ हा घडियाल सुसरींचा देशातला सर्वांत मोठा आसरा आहे, तिच्या पात्रात डॉल्फिन आहेत आणि काठावरच्या शेतकऱ्यांचाही तिच्यावर हक्क आहे. म्हणून शहरासाठी किती पाणी उचलायचे आणि उन्हाळ्यात नदीत किती राहू द्यायचे, या दोन्ही आकड्यांचा मेळ या योजनेला घालावा लागणार आहे. तोवर आणि त्यानंतरही, शहराचा मुख्य आधार तिघराच राहील. दर पावसाळ्याआधी तिथे दरवाजांची तपासणी होते, आणि पाऊस सुरू झाला की जलाशयाची पातळी रोज नोंदली जाते.