काळ, काम आणि माणसं

सातवीतलं काळ-कामाचं गणित आठवतंय ना? १० मजूर एक भिंत १२ दिवसांत बांधतात, तर २० मजूर किती दिवसांत? उत्तर ६. व्यस्त प्रमाण. सॉफ्टवेअरमध्ये मात्र हे गणित चालत नाही. ते कसं उमगलं, याचा इतिहास थोडक्यात सांगते.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने 'सिस्टिम/३६०' ही संगणकांची मालिका जाहीर केली. गाडी अडली ती 'ओएस/३६०' या तिच्या सॉफ्टवेअरवर. ऐन भरात त्यावर कारकून, टंकलेखकांसह हजारावर माणसं राबत होती, तरी उशीर झालाच. त्या कामाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स पुढे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात शिकवायला गेले. जाताना आयबीएमचे सर्वेसर्वा टॉम वॉटसन यांनी त्यांना विचारलं होतं, प्रोग्रामिंगचं व्यवस्थापन इतकं अवघड का? उत्तराचं पुस्तक आलं १९७५ साली : 'द मिथिकल मॅन-मंथ'. त्यातला नियम असा, की रखडलेल्या कामावर माणसं वाढवली तर ते आणखी रखडतं.

कारण साधं आहे. नव्या माणसाला शिकवणार कोण? जो आधीच कामात बुडालाय तोच. शिवाय प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावं लागतं. ५ जणांत अशा १० जोड्या होतात, १० जणांत ४५, २० जणांत १९०! (हस्तांदोलनाचं गणित तेच.)

१९७८ मध्ये लॅरी पुटनम यांनी याला समीकरणाचं रूप दिलं. त्यांच्या हिशेबाने श्रम वेळेच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतात. म्हणजे मुदत १० टक्क्यांनी कमी केली, की श्रम दीडपट. मला हा घात जरा जास्तच कडक वाटतो, पण दिशा खरी आहे.

आमच्या मीटिंगमध्ये आजही कुणीतरी म्हणतं, "आणखी चौघं देतो, महिनाअखेर संपवा." मग ज्या दोघींना तो कोड ठाऊक असतो, त्या दिवसभर नव्यांना शिकवतात आणि स्वतःचं काम रात्री, मुलं झोपल्यावर करतात. हे तास कुठल्याच तक्त्यात येत नाहीत.

ब्रुक्सचा नियमही सरसकट लागू नाही. त्यांनी स्वतःच तो फार ढोबळ असल्याचं म्हटलं होतं. पुढे एमआयटीत तारेक अब्देल-हमीद यांनी संगणकावर प्रकल्पाचं प्रारूप चालवून पाहिलं. माणसं उशिरा वाढवली तर खर्च वाढतोच, पण उशीर दरवेळी वाढतो असं नाही. पुरेसा अवधी हाती असेल तर नवे लोक उपयोगी पडतात. आमच्याकडे मात्र माणसं मंजूर होतात ती बहुधा शेवटच्या महिन्यात.