परदेशातील स्वयंसेवा-वर्ष : उगम, स्वरूप आणि जाण्यापूर्वीचा विचार

साधारणतः अठरा ते तीस या वयोगटातील युवक-युवतींनी काही महिने ते दोन वर्षे परक्या देशात राहावे. तेथील वृद्धाश्रम, रुग्णालय, शाळा, अपंगांचे वसतिगृह अशा संस्थेत विनावेतन काम करावे. आणि त्यांच्या राहण्या-जेवण्याची, विम्याची व हातखर्चाची सोय त्या कार्यक्रमानेच करावी, अशा उपक्रमांना आंतरराष्ट्रीय स्वयंसेवा किंवा युवा-विनिमय कार्यक्रम म्हणतात. आपल्या धर्मग्रामांतील युवकही आता त्यांची चौकशी करू लागले आहेत. धर्मगुरूंचे शिफारसपत्र मागावयास मुलासोबत पालक येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘तिकडे पुढे नोकरी लागेल का?’ हाच असतो. प्रश्न स्वाभाविक आहे. तथापि त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे कार्यक्रम कोणी आणि कशासाठी सुरू केले, हे पाहिले पाहिजे.

या चळवळीचा उगम दानधर्मात नसून युद्धानंतरच्या समेटात आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर १९२० साली स्वित्झर्लंडचे अभियंते प्येर सेरेसोल यांनी फ्रान्समधील व्हर्दंच्या रणभूमीजवळ एका उद्ध्वस्त खेड्यात स्वयंसेवकांचे शिबिर भरविले. कालपर्यंत शत्रू असलेल्या देशांतील माणसे, त्यांत जर्मनही, तेथे घरे आणि रस्ते पुन्हा उभारण्यासाठी एकत्र आली. जर्मनांची उपस्थिती अनेकांना रुचली नाही आणि ते काम काही महिन्यांतच थांबवावे लागले. परंतु त्यातूनच पुढे ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना आकाराला आली. भारताशी तिचा संबंध जुना आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला, तेव्हा सेरेसोल स्वतः येथे आले आणि युरोपातील मोजक्या सहकाऱ्यांसह मुझफ्फरपूर परिसरातील गावांच्या पुनर्वसनात त्यांनी भारतीयांच्या बरोबरीने मेहनत केली. डॉ. राजेंद्र प्रसाद तेव्हा बिहारमधील मदतकार्याचे नेतृत्व करीत होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ साली अमेरिकेतील ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’ या पंथाने जर्मन तरुणांना अमेरिकन कुटुंबांत राहावयास बोलाविले. पराभूत शत्रूची मुले आपल्या जेवणाच्या मेजावर बसवावयाची, एवढीच ती कल्पना होती. त्यातून ‘इंटरनॅशनल ख्रिश्चन यूथ एक्स्चेंज’ ही संस्था उभी राहिली.

या इतिहासातील सर्वांत बोलका अध्याय मात्र जर्मनीतच घडला. लोथार क्रायसिग हे नाझी काळातील एक न्यायाधीश. मनोरुग्णांची गुपचूप हत्या होत असल्याचे १९४० साली ध्यानात येताच त्यांनी उघड विरोध केला आणि त्यापायी त्यांना न्यायासन सोडावे लागले. याच क्रायसिग यांनी १९५८ साली बर्लिन येथे जर्मन प्रॉटेस्टंट धर्मसभेच्या महासभेत एक आवाहन वाचून दाखविले. त्यातून जन्मलेल्या संघटनेच्या नावाचा अर्थ ‘प्रायश्चित्ताची खूण’ असा होतो. या आवाहनात ‘आम्ही तुम्हाला मदत करू’ असा सूर नव्हता. ज्या राष्ट्रांवर जर्मनांनी अत्याचार केले, त्यांनी आम्हाला त्यांच्या भूमीवर येऊन आमच्या हातांनी काहीतरी चांगले करण्याची परवानगी द्यावी, अशी ती विनंती होती. आपण कॅथलिक मंडळी प्रायश्चित्त संस्काराशी परिचित आहोत. क्षमा मागणाऱ्याने अटी घालावयाच्या नसतात, हे आपणास वेगळे सांगावयास नको.

या युवकांनी नॉर्वे, नेदरलँड्‌स, ग्रीस, इस्राएल अशा अनेक देशांत कामे केली. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहराचे कॅथीड्रल १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बवर्षावात बेचिराख झाले होते. त्याच्या अवशेषांत एक आंतरराष्ट्रीय केंद्र उभारण्यासाठी जर्मन तरुण-तरुणी राबल्या. फ्रान्समधील तेझे येथे ब्रदर रॉजर यांच्या आंतरपंथीय समुदायाला प्रार्थनेसाठी गावचे लहानसे प्राचीन चर्च अपुरे पडू लागले, तेव्हा नवे ‘समेटाचे चर्च’ याच संघटनेच्या जर्मन स्वयंसेवकांनी बांधले. ६ ऑगस्ट १९६२ रोजी, प्रभूच्या रूपांतराच्या सणादिवशी, त्याचे उद्घाटन झाले. येणाऱ्या युवकांची संख्या इतकी वाढली की १९७१ च्या ईस्टरला त्याची दर्शनी भिंत पाडून पुढे मोठा तंबू जोडावा लागला! आजही तेझेला जगभरातील तरुण काही महिने स्वयंसेवक म्हणून राहतात. स्वयंपाक, भांडी घासणे, स्वच्छतागृहे धुणे, आलेल्यांचे स्वागत करणे आणि दिवसातून तीन वेळा प्रार्थनेला बसणे, असा त्यांचा दिनक्रम असतो. पदवीचे प्रमाणपत्र तेथे कोणी पाहत नाही.

ख्रिस्तसभेनेही या सेवेची दखल घेतली आहे. डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईच्या युखरिस्तिक परिषदेला आलेल्या पोप सहावे पॉल यांनी १९६७ साली ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ हे परिपत्र प्रसृत केले. आपल्या भारतभेटीचा उल्लेख त्यात ते करतात. काही देशांत सक्तीच्या लष्करी सेवेऐवजी, अंशतः तरी, समाजसेवा करण्याची मुभा तरुणांना मिळू लागली होती. या गोष्टीचे त्यांनी परिच्छेद ७४ मध्ये मनापासून स्वागत केले. त्याआधीच्या परिच्छेदांत मात्र त्यांनी एक इशाराही दिला आहे. परदेशात मदतीस जाणाऱ्याने मालक म्हणून नव्हे, तर सहकारी म्हणून वागावे आणि तेथील संस्कृतीचा आदर राखावा.

पुढच्याच वर्षी, १९६८ साली, मेक्सिकोत इव्हान इलिच यांनी हीच गोष्ट फार कठोर शब्दांत सांगितली. ते त्यावेळी धर्मगुरू होते. लॅटिन अमेरिकेतील खेड्यांत सेवा करू इच्छिणाऱ्या उत्तर अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर बोलताना त्यांनी, तुमच्या सदिच्छेचा येथे कोणालाही उपयोग नाही, उपकार करावयास येऊ नका, असे बजावले. पाहावयास या, शिकावयास या, पाहुणे म्हणून या, अशी त्यांची सूचना होती. भाषण कडवट आहे आणि काहीसे एकांगीही. परंतु स्वयंसेवेला निघालेल्या प्रत्येकाने त्याचा आशय एकदा तरी मनाशी तपासून पाहावा, असे माझे मत आहे.

दीर्घकाळ हा प्रवाह श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे, असाच वाहत होता. जर्मन शासनाने २००८ साली ‘वेल्टवेर्ट्‌स’ हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हाही प्रारंभी केवळ जर्मन युवकच बाहेर पाठविले जात होते. २०१३ पासून त्याला उलट दिशेची जोड मिळाली. आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील १८ ते २८ वयाचे युवकही जर्मनीत सेवेसाठी येऊ लागले. ते बहुधा तेथील राष्ट्रीय स्वयंसेवा कायद्यांखाली काम करतात. सक्तीची लष्करी भरती आणि तिला पर्यायी असलेली नागरी सेवा २०११ साली स्थगित झाल्यावर तेथे ‘संघीय स्वयंसेवा’ ही योजना आली. तरुण स्वयंसेवकाला वर्षभराच्या सेवेत किमान २५ दिवसांची प्रशिक्षण-सत्रे देणे तिच्यात बंधनकारक आहे. वृद्धांना भरविणे, त्यांच्याशी बोलणे, बालवाडीत मदत करणे अशी साधी कामे असतात. आपल्या घरची मुलगी, जिने आजीची सेवा आईला करताना पाहिलेली असते, ती या कामात मुळीच परकी ठरत नाही. अवघड जाते ते दुसरेच : हिवाळ्यातील लवकर होणारा अंधार, अर्धवट कळणारी भाषा, रविवारच्या मिस्साला बाकांवर दिसणारी मोजकी डोकी. हा धक्का श्रद्धेलाही बसतो, आणि त्याविषयी जाण्यापूर्वी बोलणे बरे.

आता सावधगिरीविषयी. खऱ्या विनिमय-कार्यक्रमाची एक यजमान संस्था असते, लेखी करार असतो, कामाचे तास ठरलेले असतात, विमा असतो आणि अडचणीच्या वेळी संपर्क साधावयाची नेमलेली व्यक्ती असते. ‘स्वयंसेवक व्हिसा’ मिळवून देतो असे सांगून लाखो रुपये मागणाऱ्या दलालाकडे यांपैकी काहीच नसते. अशा ठिकाणी पैसे बुडणे हे लहान संकट. तिकडे पोहोचल्यावर पासपोर्ट काढून घेऊन मुलाला राबविले जाणे हे मोठे. पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात द्यावयाचा नाही, हे मुलांना घरीच सांगून ठेवावे.

दुसरी गोष्ट लहान मुलांविषयी. काही देशांत परदेशी स्वयंसेवकांना आकर्षित करण्यासाठी आई-वडील हयात असलेली मुलेच ‘अनाथालयां’त ठेवली जातात, हे आता सर्वज्ञात आहे. म्हणून मुलांसोबत काम असेल तर संस्था पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र मागते की नाही, हे पाहावे. न मागणारी संस्था सोयीची वाटते. वस्तुतः तीच धोक्याची.

राहिला पालकांचा प्रश्न. स्वयंसेवेचा व्हिसा ठरावीक मुदतीचा आणि ठरावीक कामापुरता असतो. नोकरीचे आश्वासन त्यात नसते. भाषा येऊ लागल्यावर काहींना पुढे शिक्षणाची वा प्रशिक्षणाची संधी मिळते, काही परत येतात. ज्या घरात कर्ज काढून मुलाला पाठविण्याचा विचार चालू असेल, त्यांनी तो सोडून द्यावा. कारण त्या वर्षात मिळणारा हातखर्च हप्ते फेडण्याइतका कधीच नसतो.

अर्ज, निवड, भाषेची प्राथमिक तयारी आणि व्हिसा यांत बरेच महिने जातात. शिफारसपत्र हवे असल्यास यजमान संस्थेचे पत्र व कराराची प्रत सोबत आणावी, आणि शक्यतो मुलाने वा मुलीने स्वतः यावे.