नाव एक, इंजिने दोन

जुनी फियाट ओळखणे वरवर सोपे वाटते. पुढची दारे उलटी उघडली, की ती मुंबईकरांची 'डुक्कर फियाट'. म्हणजे दान्ते जाकोसा यांनी आखलेली, १९५३ साली इटलीत आलेली ११००-१०३. खरा घोळ पुढच्या ११०० डी या मॉडेलात आहे.

इटलीत १९६२ साली आलेल्या डीचे इंजिन १२२१ सीसीचे होते. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनू लागली, तेव्हा तिच्यात आधीचे १०८९ सीसीचेच इंजिन राहिले. स्ट्रोक दोन्हीकडे ७५ मिलिमीटर. पण सिलिंडरचा व्यास तिकडे ७२, इकडे ६८. त्यामुळे नुसत्या नावावर विसंबून इटलीहून पिस्टन मागवणारा मालक फसतो. (आणि हे कळते ते कस्टम ड्यूटी भरून झाल्यावर!) आधी हेड काढून बोअर मोजलेला बरा.

१९७४ पासून हीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. पेट्रोल इंजिन तेच राहिल्याने जुन्या डीला पद्मिनीचे बरेच सुटे भाग चालतात. यात सोय आहे, तशी गोमही. साठच्या दशकातील कित्येक गाड्यांत आज पद्मिनीचे इंजिन असते. म्हणून चासी आणि इंजिन या दोहोंचे नंबर आरसी बुकाशी ताडूनच गाडीचे वय ठरवावे.

सुट्या भागांचा मोठा आधार होता तो भंगारात निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचा. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.