शिकारीचे दप्तर आणि निशाचर प्राणी : राधानगरी व लोरिस यांच्या संदर्भात

राधानगरीच्या वनांचा इतिहास प्रामुख्याने गव्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. दाजीपूरचे जंगल कोल्हापूर संस्थानच्या अधिपतींचे राखीव शिकारक्षेत्र होते. 1958 मध्ये तेथे गव्यांसाठी अभयारण्य घोषित झाले व 1985 मध्ये त्याचा विस्तार होऊन 351.16 चौ. कि.मी. क्षेत्राचे राधानगरी अभयारण्य आकारास आले. म्हणजेच शिकाऱ्याने ज्यास मोलाचे मानले, त्याच प्राण्याच्या नावाने संरक्षणाचाही आरंभ झाला. ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने सावधपणे घेतली पाहिजे. शिकारीच्या दप्तरात गवा, वाघ, सांबर यांना स्थान असते. ज्याचे शिंग वा कातडे दिवाणखान्यात मिरवता येत नाही, त्याची नोंद कोण ठेवणार?

सडपातळ लोरिस हा असाच प्राणी होय. वजन जेमतेम 100 ते 350 ग्रॅम, बाह्य शेपूट नाही, डोळे वाटोळे व समोर रोखलेले. दिवसा तो दाट पर्णसंभारात अंगाची गुंडाळी करून झोपतो. रात्री एकेक पाऊल जपून टाकीत मुंग्या, भुंगेरे व अन्य कीटक टिपतो. हातापायांतील रक्तवाहिन्यांच्या विशिष्ट जाळ्यामुळे तो फांदी दीर्घकाळ घट्ट धरून राहू शकतो. चाहूल लागताच पळण्याऐवजी निश्चल होणे, हा त्याचा बचाव. मादी सुमारे साडेपाच महिन्यांच्या गर्भावधीनंतर एक किंवा दोन पिल्लांना जन्म देते व पुढे त्यांना फांदीवर ठेवून भक्ष्य शोधण्यास जाते.

विज्ञानाने त्याची दखल घेतली ती वेगळ्या मार्गाने. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 मध्ये सस्तन प्राण्यांची पाहणी खानदेशातून सुरू केली. या पाहणीत आकर्षक शिकारीपेक्षा उंदीर, वटवाघळे यांसारख्या क्षुद्र गणलेल्या जिवांचे नमुने जमविण्यावर भर होता. याच सामग्रीच्या आधारे मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील निवृत्त अधिकारी रॉटन यांनी 1917 मध्ये मलबारी लोरिसचे वर्णन प्रसिद्ध केले. मूळ नमुना कोडगूमधील होता. कन्नडमध्ये या प्राण्यास 'काडुपापा', म्हणजे रानातले बाळ, म्हणतात. तमिळमध्ये तो 'तेवांगु' आहे. नाव इतके लाडके असूनही त्याच्या डोळ्यांचा उपयोग जादूटोण्यासाठी व औषधासाठी होत आला, हे खेदाने नमूद करावे लागते.

पश्चिम घाटातील त्याचा वावर उत्तरेकडे गोव्यापर्यंत ज्ञात आहे. राधानगरी त्याच पर्वतरांगेत आणखी उत्तरेस आहे. तथापि केवळ सान्निध्यावरून येथे लोरिस होता असे मानणे जसे अशास्त्रीय, तसे शिकारनोंदींच्या मौनावरून तो नव्हताच असे म्हणणेही अशास्त्रीयच. दिवसा हाका घालून केलेल्या शिकारीत रात्रीच्या प्राण्याचा पुरावा मिळणार तरी कसा? त्यासाठी धनगरवाड्यांवरील वृद्धांच्या मौखिक साक्षी आणि लाल प्रकाशात नेत्रचमक शोधणारी रात्रपाहणी ही साधनेच उपयोगी पडतील.

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. लोरिस झेप घेत नाही. त्याला फांदीस फांदी लागलेली हवी. दाजीपूरमार्गे फोंडा घाटाकडे जाणारा रस्ता गवा ओलांडून जातो, परंतु दोन्ही बाजूंच्या झाडांची कमान तुटली की असा वृक्षवासी जीव तेथेच अडतो. तमिळनाडूने 2022 मध्ये कडवूर येथे लोरिससाठी स्वतंत्र अभयारण्य घोषित केले, तेव्हा तेथील संरक्षणाचा आधार शिकारीचे दप्तर नव्हता. झाडांवर रात्री केलेली मोजणी होती.